बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या आमच्या या वसाहतीत वर्षभर कोणी ना कोणी डोकावत असतं. वास्तुकलेची मुलं-मुली वह्या नि टेप घेऊन येतात, घर बघायला आलेली जोडपी दारात थांबतात, कधी कोणी म्हातारं माणूस नुसतंच अंगणात उभं राहून बघत असतं. प्रश्न बहुतेक तेच असतात. मी इथे १९८८ पासून राहते. तेव्हा शाळेत होते, आता माझी मुलगी कॉलेजात आहे. इतकी वर्षं दारात उभं राहून दिलेली उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

ही वसाहत नेमकी कुठे आहे?

नवी मुंबईत सीबीडी बेलापूर, सेक्टर ८, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. मी मात्र विचारणाऱ्याला 'कोकणात' असंच सांगते. बेलापूर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला 'आर्टिस्ट व्हिलेज' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

पण हे तर नवी मुंबई. याला कोकण का म्हणता?

कारण कोकणच आहे. कोकण विभागाच्या आयुक्तांचं कार्यालय, म्हणजे कोकण भवन, बेलापुरातच आहे. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सातही जिल्ह्यांचा कारभार तिथून चालतो. कोकण रेल्वेचं मुख्यालयही इथेच, बेलापूर भवनात. कागद बाजूला ठेवले तरी खाडी आहे, खारफुटी आहे, भातखाचरं होती, मिठागरं होती, आगरी-कोळ्यांची गावठाणं अजून आहेत. बेलापूरचा किल्ला खाडीच्या तोंडाशी उभा आहे. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि शेवटी इंग्रज असे त्याचे धनी बदलत गेले. ज्या जमिनीवर आमची घरं आहेत ती शहर म्हणून काल-परवा ओळखली जाऊ लागली. कोकण म्हणून ती फार जुनी आहे.

ही म्हाडाची वसाहत आहे का?

नाही. म्हाडा १९७७ साली सुरू झाली आणि तिचं वेगळं कोकण मंडळ आहे. आमची वसाहत सिडकोची. नवं शहर वसवण्यासाठी राज्य सरकारने १७ मार्च १९७० रोजी हे महामंडळ स्थापन केलं.

घरं येण्याआधी इथे काय होतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून उत्तर सविस्तर देते.

नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं, म्हणजे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र ठरवलं गेलं. यातला मोठा भाग भातशेतीचा आणि मिठागरांचा होता. शेती आगरी लोकांची, खाडीतली मासेमारी कोळ्यांची. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे आणि ते दरवर्षी सांभाळायचे. ही मेहनत पिढ्यान् पिढ्या गावांनी एकत्र येऊन केली होती. शहराच्या नकाशावर मात्र ही सगळी जमीन 'मोकळी' म्हणून रंगली.

संपादित केलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून असंतोष वाढत गेला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी उरण तालुक्यात जासईच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादित झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत मिळावा, असं तिचं तत्त्व.

आता आमच्या घरांची तारीख बघा. वसाहत बांधली गेली १९८३ ते १९८६ या वर्षांत. म्हणजे जासईला गोळ्या चालल्या तेव्हा इथे आमच्या भिंती चढत होत्या. वसाहतीचं कौतुक करायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. आमचं अंगण सुंदर आहे, पण ते कोणाच्या तरी खाचरावर आहे. जानेवारीत हुतात्म्यांना अभिवादन होतं तेव्हा इथून कोणीतरी जायला हवं असं मला मनापासून वाटतं. मी जाते.

ही वसाहत कोणी आखली?

चार्ल्स कोरिया यांनी. जन्म १९३०, सिकंदराबादचा. निधन २०१५ साली मुंबईत. घराणं गोव्याचं. मुंबईची वाढ खाडीपलीकडे न्यावी, असा प्रस्ताव १९६५ मध्ये तिघांनी एका नियतकालिकातून मांडला होता. कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल हे ते तिघे. पुढे सिडको झाली तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद होते. बेलापूरचं काम त्यानंतरचं.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुंबईत कंबाला हिलवर कांचनजंगा नावाचा उंच मनोरा आहे. तो १९८३ मध्ये पूर्ण झाला आणि तोही याच माणसाचा. अठ्ठावीस मजले आणि फक्त ३२ घरं. त्या घरांना कोपऱ्यात दोन मजली उंचीच्या गच्च्या आहेत. श्रीमंतांना आकाशात अंगण देणाऱ्या माणसाने त्याच सुमारास आम्हाला जमिनीवर अंगण दिलं.

सात घरांचा गट म्हणजे काय? ही रचना समजावून सांगाल का?

वसाहतीचं सगळं गणित सातापासून सुरू होतं. सात घरं एका अंगणाभोवती बसवलेली. ते अंगण साधारण ८ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. असे तीन गट, म्हणजे २१ घरं, एका मोठ्या मोकळ्या जागेभोवती येतात. ती जागा सुमारे १२ बाय १२ मीटरची. अशा एकवीस-एकवीस घरांचे तीन समूह त्याहून मोठ्या चौकाला लागतात आणि असं करत करत वसाहत ओढ्याकाठच्या मैदानापर्यंत पोचते.

नकाशात हे कोरडं दिसतं. जगताना कसं असतं ते सांगते. सात घरांच्या अंगणात मी एकटीने रांगोळी काढायचे आणि आई ओट्यावर बसून तांदूळ निवडता निवडता लक्ष ठेवायची. एकवीस घरांच्या चौकात आमचं क्रिकेट चालायचं, शिमग्याची होळी पेटायची, लग्नाचा मांडव पडायचा. सार्वजनिक गणपती त्याहून मोठ्या जागेत. वय वाढलं तसं अंगणही मोठं होत गेलं. चौथ्या वर्षी आठ मीटरचं जग, दहाव्या वर्षी बारा मीटरचं आणि सोळाव्या वर्षी थेट मैदान. रस्ता ओलांडायची वेळ आली तेव्हा रस्त्याची भीती बाळगावी एवढं वय उरलं नव्हतं.

प्रत्येक घर सुटं आहे, हा दुसरा मुद्दा. चाळीसारखी किंवा बिल्डिंगीसारखी शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही. प्रत्येकाचा भूखंड वेगळा आणि भिंतीही आपल्या. म्हणूनच प्रत्येक जण शेजाऱ्याच्या घराला धक्का न लावता आपलं घर वाढवू शकला.

गरीब आणि सुखवस्तू लोक खरंच शेजारी शेजारी राहायचे का?

हो, रचनाच तशी केली होती. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटर या मापातले. म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या भूखंडात दुपटीचाही फरक नाही. घराच्या किमतीत मात्र मोठा फरक होता. सर्वांत साधं घर वीस हजारांच्या आसपास, तर मोठं पावणेदोन लाखांच्या पुढे. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला एक खोली, मोरी आणि पुढे वाढायला जागा. ज्याच्याकडे जास्त, त्याला दोन मजली घर. जमीन जवळपास सारखीच.

आमच्या गटात एक शिपाई, एक बँकेतले अधिकारी, एक शिंपीकाम करणाऱ्या काकू, आम्ही आणि आणखी तीन घरं होती. शिंपीकाकूंचं घर तेव्हा एका खोलीचं होतं. आज ते आमच्यापेक्षा मोठं आहे. त्यांच्या मुलाने दर पाच-सात वर्षांनी थोडं थोडं बांधत नेलं. पैसे आले तेव्हा त्यांना दुसरीकडे जावं लागलं नाही, ही माझ्या लेखी या वसाहतीची सर्वांत मोठी कमाई. बिल्डिंगीत एका खोलीवाल्याची दोन खोल्यांची ऐपत झाली की त्याला शेजार सोडावा लागतो.

एवढ्या जागेत टॉवर बांधले असते तर जास्त लोकांना घरं मिळाली नसती का?

हा प्रश्न हल्ली सर्वांत जास्त येतो. त्याचं उत्तर कागद-पेन्सिल घेऊन द्यावं लागतं.

वसाहत सुमारे ५.४ हेक्टरवर आहे आणि ती आखली ५५० कुटुंबांसाठी. म्हणजे हेक्टरी शंभराहून थोडी जास्त घरं. घरटी पाच माणसं धरली तर हेक्टरी पाचशे माणसं झाली, आणि तीही अंगणं आणि मोकळ्या जागा धरून. बैठ्या आणि दुमजली घरांसाठी हा आकडा लहान नाही. टॉवरने तो वाढतो, हे खरं. पण उंच इमारतीत मधल्या मोकळ्या जागा, लिफ्टचा खर्च, पंप, देखभाल हे सगळं धरलं की गरीब कुटुंबाच्या वाट्याला घराइतकाच मोठा दरमहाचा खर्च येतो. आमच्याकडे लिफ्ट नाही, त्यामुळे लिफ्ट बंद पडल्याची वर्गणीही नाही.

कोरियांचा युक्तिवाद असा होता की उष्ण हवेच्या देशात मोकळं आकाश हीसुद्धा एक खोलीच असते. स्वयंपाक आत करा, भांडी बाहेर घासा, पापड अंगणात वाळवा, रात्री ओट्यावर बसा. बांधलेली जागा लहान असली तरी राहायची जागा लहान राहत नाही. दुसरं म्हणजे अशी घरं गावातला गवंडी आणि सुतार बांधू शकतो. विटा, लाकूड, मंगलोरी कौलं. काम आणि पैसा दोन्ही जवळच्या माणसांकडे जातात. घर वाढवायची वेळ आली तेव्हा आमच्याकडेही गवंडी गावठाणातलाच आला होता.

तुम्ही कोकणातून आलात. तुम्हाला हे घर ओळखीचं वाटलं का?

आम्ही कुडाळकडचे. बाबांची सरकारी नोकरी, बदलीवर इथे आले. आजी पहिल्यांदा गावाहून आली, रिक्षातून उतरली, सात घरांच्या मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यां तर आपलां खळांच गो!" आमच्याकडे घरापुढच्या सारवलेल्या अंगणाला खळं म्हणतात. पावसाळा संपला की खळं करतात, म्हणजे माती चोपून, शेणाने सारवून पुन्हा नवं करतात. त्याच खळ्यात तुळस असते, भात झोडतात, कोकमाची सोलं वाळतात, दशावताराला निघालेली माणसं तिथूनच हाका मारतात.

आजीने त्याच आठवड्यात गटातल्या सगळ्यांना विचारून मध्ये तुळस लावली. सात घरांची एक तुळस. तुळशीचं लग्न सात घरं मिळून करतात ते तेव्हापासून. बँकेतल्या साहेबांच्या घरून ऊस येतो आणि शिंपीकाकूंकडून अंतरपाट.

कोकणी घरातली ओटी, पडवी, माजघर, मागील दार ही ओळ तुमच्या ओळखीची असेल, तर इथलं मूळ घर बघून तुम्हालाही असंच वाटेल. बाहेरच्या माणसाला कुठपर्यंत येऊ द्यायचं ते दार न लावता कळतं. पोस्टमन अंगणापर्यंत, ओळखीचा ओट्यापर्यंत आणि घरचा आतपर्यंत.

पावसाळ्यात काय हाल होतात?

पाऊस इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि मागे डोंगर असल्यामुळे पाणी वरूनही येतं. वसाहतीच्या मधून एक ओढा जातो आणि पावसाचं पाणी त्यातून वाहून जातं. आखणी करताना त्याला बुजवलं नाही, वळवलं नाही, वसाहतीच्या मध्ये मानाने जागा दिली. मला विचाराल तर नकाशातली सर्वांत शहाणी रेघ तीच. आज नवी मुंबईत जिथे जिथे पाणी तुंबतं तिथे बुजवलेला एखादा ओढा किंवा खाजण सापडतंच.

कौलांचा त्रास मात्र होता. मिरगाआधी कौलं परतावी लागत आणि नव्याने शहरात आलेल्या माणसांना ते काम करणारा माणूस सापडत नसे. वांदरं आली की कौलं फुटायची. लाकडाला वाळवी लागायची. गळणारं घर आणि शाळेची वह्या-पुस्तकं यांचा मेळ बसत नाही. लोकांनी कौलं काढून स्लॅब का घातले, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

पूर्वी इथून मुंबईला कसे जायचे?

बसने, फार वेळ काढून. ठाणे खाडीवरचा वाशीचा पूल १९७३ पासून होता, पण लोकल नव्हती. मानखुर्द ते वाशी रेल्वे १९९२ च्या मे महिन्यात सुरू झाली आणि १९९३ मध्ये ती बेलापूरला पोचली. त्या एका वर्षाने वसाहतीतला दिवस दीड तासाने लांबला असं बाबा म्हणायचे. ते संध्याकाळी उजेडात घरी येऊ लागले. एनएमएमटीच्या, म्हणजे नवी मुंबई महानगरपालिकेच्या बस १९९६ पासून.

मूळ घरं आता किती उरली आहेत?

थोडी. बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मजली काँक्रीटची घरं उभी आहेत आणि फोटो बघून आलेली मुलं निराश होतात. वसाहत फसली का, असंही काही जण थेट विचारतात.

मला तसं वाटत नाही. घर वाढावं म्हणूनच ती आखली होती. बदल हा अपघात नाही, तो ठरलेला होता. कुटुंब वाढलं, खोली वाढली. मुलाचं लग्न झालं, मजला चढला. पण एका बदलाचं मला दुःख आहे आणि ते मी लपवत नाही. घर कितीही बदला, अंगणाला हात लावायचा नव्हता. काही गटांत अंगणावर पत्रे आले, काही ठिकाणी गाड्या उभ्या राहिल्या. वसाहत पायी चालणाऱ्यांसाठी आखलेली, गाडी आत आली की पहिली मुलं बाहेर जातात. आठ मीटरच्या अंगणात दोन गाड्या लावल्या की अंगण संपलं, तिथे फक्त पार्किंग उरतं.

आमच्याकडूनही चूक झाली होती. १९९९ मध्ये स्वयंपाकघर वाढवताना ठेकेदाराच्या सांगण्यावरून ओटा ग्रील लावून बंद केला. खोली मिळाली, पण आई एकटी पडली. समोरच्या काकू आत यायच्या आधी बेल वाजवू लागल्या. आठ वर्षं आम्ही तसेच राहिलो. २००७ मध्ये वरचा मजला चढवला तेव्हा ग्रील काढून टाकली. त्याच संध्याकाळी काकू चहाचा कप घेऊन ओट्यावर येऊन बसल्या.

इथे घर घ्यायचं किंवा वाढवायचं असेल तर काय बघावं?

जमीन सिडकोची आहे आणि मूळ भाडेपट्टा ६० वर्षांचा. घर हस्तांतरित करताना सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं. पट्ट्याचे नियम मधल्या काळात बदलत आले आहेत, त्यामुळे दलालाच्या तोंडावर न जाता सिडकोच्या कार्यालयात स्वतः चौकशी करा. बांधकामाची परवानगी महानगरपालिकेच्या नगररचना विभागाकडून घ्यायची. कागद बघताना मूळ घराचा नकाशा आणि नंतरचं वाढीव बांधकाम दोन्ही मंजूर आहे का ते तपासा. बऱ्याच घरांत खालचा मजला कागदावर असतो, वरचा नसतो.

बांधणाऱ्यांना माझी विनंती एवढीच की अंगणाकडच्या बाजूला वाढवायचा विचार सगळ्यात शेवटी करा. मागे वाढवा, वर वाढवा. अंगणाकडे तोंड करून निदान एक बसायची जागा उघडी ठेवा. आणि कामाला हात घालण्याआधी गटातल्या सहा घरांना चहाला बोलवा. नगररचना विभाग हे सांगणार नाही, पण परवानगीइतकंच ते महत्त्वाचं आहे.

खरंच कलाकार राहतात का?

कलाकारांना इथे घरं द्यायची कल्पना होती, त्यावरून नाव पडलं. आज सगळ्या पेशांची माणसं राहतात.

बघायला यायचं आहे. केव्हा येऊ?

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, दुपारी चारनंतर. छत्री आणा. अंगणात शिरण्याआधी जो कोणी ओट्यावर बसला असेल त्याला विचारा. ते चौक रस्त्यासारखे दिसत असले तरी सात घरांचे आहेत. फोटो काढायचा असेल तर घराचा काढा, वाळत घातलेल्या कपड्यांचा नको.

पाऊस लागून राहिला असेल तर आधी ओढ्याकडे जा. पहिल्या दिवशी पाणी तांबडं असतं, डोंगराची माती घेऊन आलेलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निवळतं. तेव्हा गावठाणातली नि वसाहतीतली पोरं पाण्यात एकत्रच असतात. त्यातल्या कोणालाही विचारा, सात घरांची तुळस कुठे आहे ते दाखवतील.